वखारीचे दस्तक

दापोली तालुक्यात काजूगर काढणारे लहान लहान कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यातून गरांचे डबे भरून टेम्पो पुण्यास निघावयाचा असला, म्हणजे डबे भरण्याइतकेच दुसरे एक काम मालकास उरकावे लागते. बिल तीन प्रतींत करावयाचे. पहिली प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपल्या दप्तरची. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणार असून त्याची किंमत एक लाख रुपयांच्या वर असली, तर सरकारच्या संकेतस्थळावर ई-वे बिल तयार करावयाचे. परराज्यात जाणार असेल, तर हीच मर्यादा पन्नास हजारांची. माल कोणाचा, कोणाकडे निघाला, कोणत्या जातीचा, किती किमतीचा, हे त्याच्या पहिल्या भागात लिहावयाचे. गाडीचा क्रमांक दुसऱ्या भागात. एवढे झाले म्हणजे बारा आकडी क्रमांक मिळतो आणि मग टेम्पोने फाटकाबाहेर पडावयाचे. हा क्रमांकही चिरंजीव नव्हे. दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस, एवढेच त्याचे आयुष्य.

हा कागद आनंदाने लिहिणारा कारखानदार माझ्या पाहण्यात नाही. 'माल माझा, गाडी भाड्याची, रस्ता सरकारचा. मग ही चिठ्ठी कशाला?' असे तो वैतागून विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबनिसापेक्षा इतिहासाकडे जास्त चांगले मिळण्यासारखे आहे. कारण ही चिठ्ठी २०१८ साली निघालेली असली, तरी तिचे कूळ फार जुने आहे. तिच्या पूर्वजांपैकी काही आपल्या दाभोळ-हर्णैच्या बंदरांत वावरले आहेत, आणि एकाने तर एक राज्य बुडविले. या कुळाचा वृत्तांत पाहताना श्रोत्यांनी दोनच गोष्टींवर नजर ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कागद लिहितो कोण, ही पहिली. आणि त्याची दुसरी प्रत कोणाच्या हाती राहते, ही दुसरी. कराचा दर किती होता, यापेक्षा या दोन गोष्टींनी व्यापाऱ्याचे आणि रयतेचे बरेवाईट जास्त ठरविले आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. प्रा. रा. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीत ते कोणासही पाहता येईल. सरहद्दीवरचा अंतपाल मालाच्या गाड्यामागे सव्वा पण रस्तापट्टी घेई, माल तपासून त्यावर खुणेची मुद्रा करी आणि तो शुल्काध्यक्षाकडे लावून देई. नगराच्या दरवाज्याजवळ शुल्कशाळा, तिच्यावर निशाण. तेथे चार-पाच कारकून बसत आणि व्यापारी कोण, कोठून आला, माल किती, मुद्रा कोठे झाली, हे टिपून घेत. मुद्रा नसली तर शुल्काच्या दुप्पट दंड. मुद्रा खोटी निघाली तर आठपट.

येथवर सारे सरळ आहे. मला मौज वाटते ती पुढच्या युक्तीची. व्यापाऱ्याच्या वेषातील हेराने तांड्यात किती माल आहे, ते आधीच राजास कळवावयाचे. राजाने ते शुल्काध्यक्षास सांगावयाचे, आणि शुल्काध्यक्षाने व्यापारी दाखल होताच 'तुमचा माल इतका इतका आहे, लपवू नका, हा राजाचा प्रभाव,' असे त्याच्या तोंडावर म्हणावयाचे. राजा सर्वज्ञ आहे, अशी व्यापाऱ्याची खात्री पटावी, हा हेतू. हेर म्हणजे येथे दुसरी प्रतच होय. व्यापाऱ्याच्या हातातील मुद्रेशी ताडून पाहण्यास सरकारजवळ स्वतंत्र माहिती असल्याखेरीज कागदास किंमत नाही, हे कौटिल्यास पक्के ठाऊक होते.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ बहामनी आणि पुढे आदिलशाही अमदानीत पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. होर्मुझचे आणि मक्केच्या वाटेचे व्यापारी तेथे येत. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय फ्रांसिस्को द अल्मैदा याने हे गाव जाळून लुटले, आणि त्या आघातानंतर दाभोळकरांस एका नव्या कागदाची ओळख झाली. पोर्तुगीज त्यास कार्ताझ म्हणत. जहाजाचे नाव, नाखुदा कोण, भार किती, खलाशी किती, हत्यारे कोणती, कोठून निघून कोठे जाणार, हे सारे त्यात लिहिलेले असे. मिरी, हत्यारे यांसारखा मना केलेला माल भरावयाचा नाही आणि पोर्तुगीजांच्या नाक्यावर जाऊन जकात भरावयाची, अशी अट असे. कार्ताझ जवळ नसले, तर जहाज मालासकट जप्त.

बाराशे मैल दूरच्या बंदरास निघालेल्या जहाजास कागद पुसण्याचा पोर्तुगीजांस अधिकार काय होता? कायद्याने काहीच नव्हता. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, अशीच आपल्याकडची आणि अरबांकडची जुनी समजूत होती. पोर्तुगीजांजवळ तोफा होत्या, एवढाच तो अधिकार. तरीही आदिलशाहीची जहाजे कार्ताझ घेत आणि मोगल बादशहाची यात्रेकरूंची जहाजेही घेत. ज्यास कागद मागता येतो तो धनी ठरतो, आणि ज्याने तो निमूटपणे दाखविला त्याने ते धनीपण कबूल केले असे होते. म्हणून कागद मागण्याचा हक्क हाच पुढे दोन शतके कोकणच्या समुद्रावरील भांडणाचा विषय झाला.

हर्णैचा सुवर्णदुर्ग आपण नेहमी पाहतो. कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाचा आरंभ ज्या किल्ल्यापासून सांगतात, तो हा. कान्होजींचे म्हणणे असे की, मराठी राज्याच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी मराठी आरमाराचे दस्तक घेतले पाहिजे. मुंबईचे इंग्रज म्हणत, आमच्या जहाजांस दस्तक नको. आम्हीच आमच्या आश्रयाच्या व्यापाऱ्यांस परवाने देतो, ते तुम्ही मानावे. गलबत देशी व्यापाऱ्याचे, आतला माल इंग्रजांचा, असले म्हणजे वाद आणखी चिघळे. इंग्रज बखरकारांनी कान्होजींस चाचा ठरविले. पण जे काम पोर्तुगीज कार्ताझ म्हणून करीत आणि इंग्रज पास म्हणून करीत, तेच कान्होजी दस्तक म्हणून करीत होते. तिघांत फरक असलाच तर तो असा की, किनारा कान्होजींच्या धन्याचा होता. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्स याने पेशव्यांच्या संमतीने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षीच्या तहाने किल्ला पेशव्यांकडे आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले. घरच्या भांडणात पेशव्यांनी आपल्याच समुद्रावर दस्तक देण्याचा हक्क मोडून टाकण्यास हात लावला, याचे वाईट वाटल्याखेरीज राहत नाही.

इंग्रजांची वखार कोकणात याच्या कितीतरी आधी आली होती. येथे एका शब्दाचा उलगडा करावयास हवा. 'फॅक्टरी' या शब्दाचा आजचा अर्थ कारखाना. परंतु सतराव्या शतकात फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने परमुलखात खरेदीविक्री करणारा अडत्या, आणि तो जेथे राहतो, माल साठवितो ती फॅक्टरी. आपल्या लोकांनी तिला वखार म्हटले, ते अगदी बरोबर होते. राजापूरची इंग्रजांची वखार १६४९ ची. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास तोफ पुरविण्याचा उद्योग तेथील वखारवाल्यांनी केला आणि १६६१ त शिवाजीमहाराजांनी त्यांस त्याचे प्रायश्चित्त दिले, ही हकीकत सर्वांस माहीत आहे. परंतु १६७४ त राज्याभिषेकाच्या वेळी झालेल्या तहाकडे तितके लक्ष जात नाही. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारी घालण्याची परवानगी महाराजांनी इंग्रजांस दिली. जकात मात्र शेकडा अडीच भरावयाची. व्यापार करा, पण हशील द्या. यांत माफीचे दस्तक नाही. त्याच्या तीन वर्षे आधी, १६७१ त, गोव्याकडील बारदेशच्या स्वस्त मिठामुळे आपल्या मुलखातील मीठ पडून राहते, हे पाहून महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास त्या परक्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम पाठविला होता. जकात म्हणजे केवळ खजिन्याची भर नव्हे, स्वदेशीचे ते शस्त्र आहे, ही समज त्या पत्रात स्पष्ट दिसते. बंगालच्या नवाबांना इंग्रजांविषयी अशी सावधगिरी बाळगता आली असती, तर हिंदुस्थानचा इतिहास निराळा झाला असता काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. आणि म्हणून क्षणभर कोकण सोडून तिकडे गेले पाहिजे.

१७१७ साली फर्रुखसियर बादशहाने कंपनीस फर्मान दिले. सालिना तीन हजार रुपये भरावे आणि बंगालात बिनजकात व्यापार करावा. वखारीच्या मुख्याने सही केलेले दस्तक मालाबरोबर असले, की चौकीवर त्या मालास कोणी अडवावयाचे नाही. येथे आपला पहिला प्रश्न विचारा. कागद लिहितो कोण? ज्याचा माल आहे तोच. आणि दुसरी प्रत? नवाबाच्या दप्तरात ती नाहीच. चौकीदाराने पुढ्यात आलेल्या कागदावर विश्वास ठेवावा, एवढेच त्याच्या हाती.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. फर्मान कंपनीच्या मालाकरिता होते. पण कंपनीचे नोकर आपला खासगी मालही त्याच दस्तकाखाली नेऊ लागले. पुढे मीठ, तंबाखू, सुपारी यांचा अंतर्गत व्यापारही त्यांनी त्यात ओढला. याहून पलीकडची पायरी म्हणजे दस्तके देशी व्यापाऱ्यांस विकणे. ज्याने दस्तक विकत घेतले त्याचा माल बिनजकात; शेजारच्या सचोटीच्या व्यापाऱ्यास मात्र प्रत्येक चौकीवर पैसा मोजावयाचा. सिराज उद्दौल्याच्या तक्रारींत दस्तकांचा गैरवापर ही एक मुख्य तक्रार होती. प्लासीनंतर तर धरबंधच उरला नाही. १७६२ साली वॉरन हेस्टिंग्ज नदीने वर जात असता वाटेत जिकडेतिकडे इंग्रजी निशाणे फडकत असल्याचे त्याने वरिष्ठांस कळविले. निशाण लावावे, शिपायासारखा पोशाख केलेला एखादा गुमास्ता उभा करावा, की चौकीवाल्याची छाती होत नसे.

नवाब मीर कासीम कर्तबगार होता. त्याने तडजोड केली. गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट १७६२ च्या अखेरीस मुंगेरला त्यास भेटला आणि इंग्रजांच्या खासगी व्यापारावर शेकडा नऊ जकात द्यावी, असे ठरले. देशी व्यापाऱ्यांस यापेक्षा किती तरी अधिक पडत असे. तरीही कलकत्त्याच्या कौन्सिलाने हा करार फेटाळला. मिठावर अडीच टक्के देऊ, बाकी काही नाही, असा ठराव केला. मग १७६३ च्या मार्चमध्ये मीर कासीमने असा एक हुकूम काढला की, त्याची आठवण प्रत्येक व्यापाऱ्याने ठेवावी. दोन वर्षांपर्यंत सर्वांनाच जकात माफ! आपल्याच खजिन्यावर पाणी सोडून त्याने आपल्या रयतेस इंग्रजांच्या बरोबरीस आणले. यावर कौन्सिलाची मागणी काय असावी? देशी व्यापाऱ्यांवर जकात पुन्हा बसवा! माफी सर्वांस मिळाली तर त्यांच्या दस्तकास किंमत उरत नव्हती. याच भांडणातून लढाई पेटली आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला तिचा निकाल लागला. पुढच्या वर्षी कंपनी बंगालची दिवाण झाली. दस्तके बंद करावयास हेस्टिंग्जला १७७३ साल उजाडले. तोवर ज्यांना गबर व्हावयाचे होते ते होऊन विलायतेस पोचले होते.

पेशवाईतील जकातीची व्यवस्था निराळ्या तऱ्हेने बिकट होती. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि मध्यंतरी वाटेवरची प्रत्येक चौकी. जकात बैलाच्या ओझ्यावर घेत. ओझे रेशमाचे आहे की मिठाचे, याचा विचार पुष्कळदा नसे. जकातीचे मक्ते दिलेले. त्यांत सरदारांचे, इनामदारांचे हक्क गुंतलेले. दापोली-खेडकडून मीठ, खोबरे, सुकी मासळी घेऊन घाट चढणाऱ्या लमाणाच्या बैलास आणि उलट धान्य घेऊन उतरणाऱ्यास किती ठिकाणी थांबावे लागत असेल, याची कल्पना करता येईल. सरकारी दस्तक ज्याच्याजवळ असे त्याचा माल सुटे. ते ज्याची दरबारात ओळख त्याला मिळे. माफीचा कागद म्हणजे ओळखीचा कागद, ही गोष्ट मराठी राज्यातही बंगालहून फार वेगळी नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

मात्र आपल्या व्यापाऱ्यांनी यावर एक तोड काढली होती, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोठ्या पेठांतून हुंडेकरी नावाचे लोक असत. एका ठरीव रकमेस माल मुक्कामास पोचविण्याची हमी ते घेत, आणि वाटेतील सर्व जकातदारांशी त्यांचा परस्पर हिशेब चाले. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात त्यांची नोंद केली आहे. व्यापाऱ्यास चौकीचौकीवर हुज्जत नको, जकातदारास प्रत्येक पोते मोकळे करावयास नको. हुंडेकऱ्याच्या शब्दावर काम भागे. त्यांच्या वह्या हीच या व्यवस्थेतील दुसरी प्रत होती, आणि ती ना सरकारची ना व्यापाऱ्याची, तिऱ्हाइताची होती. हुंडेकरी हा शब्द मालवाहतुकीच्या धंद्यात अजून ऐकू येतो. त्याच्या मागे एवढी अक्कल उभी आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१८१८ त दक्षिण कोकण इंग्रजांकडे आले आणि दापोलीस त्यांची छावणी पडली. जुन्या माणसांच्या तोंडचे 'काँप दापोली' ते हेच. नव्या राज्यानेही प्रारंभी चौक्या आणि रवाना, म्हणजे माल पुढे नेण्याचे परवाने, चालूच ठेवले. बंगालातील या रवान्यांच्या जाचाचा पाढा चार्ल्स ट्रेव्हेल्यनने १८३४ च्या अहवालात वाचला, आणि तेथील वाटजकात १८३६ त, मुंबई इलाख्यातील १८३८ च्या पहिल्या कायद्याने रद्द झाली. रस्ता मोकळा झाला. यात आपला फायदा झाला, यात संशय नाही. मात्र त्याच मोकळ्या रस्त्याने मँचेस्टरचे कापडही विनाअडथळा घाटावर चढले, हेही तितकेच खरे.

रस्त्यावरचा पहारा उठला, तो पुढे माल जेथे तयार होतो तेथील फाटकावर येऊन बसला. पहिले फाटक मिठाचे. १८९० च्या मुंबईच्या मीठ कायद्यान्वये मिठागरातून मीठ बाहेर काढावयाचे तर कर भरून परवाना घेतला पाहिजे, असा बंदोबस्त होता. समुद्र दाराशी, ऊन वरून फुकट, आणि परवान्याशिवाय मूठभर मीठ उचलले तर गुन्हा. १९३० साली त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्यास सत्याग्रह झाला, तो मिठासाठी तसाच या परवान्याविरुद्धही होता. मिठावरचा कर १९४७ त गेला.

दुसरे फाटक कापडगिरण्यांचे. १८९६ त हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन अबकारी बसविण्यात आली. परदेशी मालावर जकात आहे, तेव्हा लँकेशायरशी बरोबरी राखण्यास देशी मालावरही तेवढाच कर हवा, हे त्यामागचे तर्कशास्त्र! मीर कासीमला जे ऐकावे लागले, तेच पुन्हा. आपल्या तालुक्यातील चिखलगाव ज्यांचे मूळ गाव, त्या टिळकांनी केसरीतून या करावर घणाघात केला. १९२५ च्या अखेरीस तो स्थगित झाला आणि पुढील वर्षी रद्द.

नंतर आला १९४४ चा केंद्रीय अबकारी व मीठ कायदा. ज्यांनी त्या काळी मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत कारकुनी केली, त्यांना 'जी. पी. १' ही दोन अक्षरे आणि एक आकडा पाठ असत. गेटपास! पद्धत अशी. माल बाहेर काढावयाचा झाला, की कारखानदाराने ए. आर. १ या नमुन्यात अर्ज करावयाचा. अबकारी अधिकाऱ्याने माल पाहून कर ठरवावयाचा. कर भरल्यावर कारखानदाराने केलेल्या गेटपासवर त्याने प्रतिस्वाक्षरी करावयाची. मग गाडी फाटकाबाहेर. साहेब रजेवर असले तर माल पडून, आणि गिऱ्हाईक तारांवर तारा करते आहे. येथे कागद लिहितो कारखानदार, पण त्याचा अर्धा जीव अधिकाऱ्याच्या लेखणीत. चोरी कमी झाली असेल. पण अधिकाऱ्याच्या खुर्चीपुढे ताटकळणाऱ्या कारकुनाची एक पिढी तयार झाली. कारखाने वाढले, अधिकारी तितके वाढेनात. तेव्हा १९६८ त 'सेल्फ रिमूव्हल' म्हणजे आपला माल आपणच काढण्याची पद्धत सुरू झाली आणि १९६९ त ती बहुतेक मालास लागू झाली. कर स्वतः ठरवा, खात्यातून वळता करा, रोजच्या उत्पादनाची नोंद आर. जी. १ या वहीत ठेवा, महिन्याचा तक्ता पाठवा, गेटपासवर स्वतः सही करा.

१७१७ च्या फर्मानाची आठवण येते ना? कागद लिहिण्याचा अधिकार पुन्हा वखारवाल्याकडे आला. परंतु बंगालची गत झाली नाही, याचे कारण वही होय. कच्चा माल किती आला, पक्का किती झाला, गेला किती, याचा मेळ अधिकारी केव्हाही येऊन मागू शकत असे. नवाबाच्या चौकीदारास कंपनीची वही मागण्याची सोय नव्हती. चोऱ्या येथेही झाल्या, हे कोणी नाकारणार नाही. एकाच गेटपासवर दोन खेपा, हा त्यांतला नेहमीचा प्रकार. १९९४ च्या एप्रिलपासून गेटपास गेला आणि त्याच्या जागी कारखानदाराचे स्वतःचे बिल चालू लागले.

या सर्व काळात शहरांच्या वेशीवर मात्र थळमोड जिवंतच होती; तिचे नाव ऑक्ट्रॉय, आणि लोकांच्या तोंडी जकातनाका. मुंबई महानगरपालिकेने १९६५ पासून ती घेतली. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा कोणी पाहिल्या नाहीत? नगरपालिकांतून ती १९९९ त उठली, मुंबईतून १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला त्या दिवशी. रस्ता दुसऱ्यांदा मोकळा झाला.

आणि नऊ महिन्यांनी, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यांच्या मालास, २५ मे पासून महाराष्ट्रातल्या मालास, ई-वे बिल आले. फाटकावरचा पहारा पुन्हा रस्त्यावर गेला. पण या खेपेस नाका नाही. भरारी पथक वाटेत कोठेही गाडी थांबवू शकते. कौटिल्याचा हेर जे काम तांड्यात मिसळून करी, ते आता यंत्र करते. कागद लिहितो कारखानदारच. मात्र लिहिताक्षणी दुसरी प्रत सरकारजवळ असते, घेणाऱ्यालाही ती दिसते, आणि बिल रद्द करावयाचे तर चोवीस तासांच्या आत. दस्तक विकण्याचा धंदा यात बसत नाही. ओळखीने सुटणाऱ्या मालापेक्षा आणि साहेबाच्या प्रतिस्वाक्षरीपेक्षा ही व्यवस्था मला बरी वाटते, हे मी स्पष्ट सांगतो.

पण तिचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. मोठ्या कारखान्यात या कामास चार माणसे नेमलेली असतात. आपल्याकडे काजू भाजणारा, प्रतवारी लावणारा, मजुरांचा हिशेब करणारा आणि बिल लिहिणारा पुष्कळदा एकच गृहस्थ. शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजूबीचा कर शेतकऱ्याने नव्हे, नोंदणी असलेल्या घेणाऱ्याने भरावयाचा, हेही त्यानेच लक्षात ठेवावयाचे. ताज्या हापूसच्या पेट्यांस कर नाही, म्हणून ई-वे बिलही नाही. त्याच आंब्याचा रस डब्यात भरला, की हवे. घाटात टेम्पो बिघडला आणि माल दुसऱ्या गाडीत चढविला, तर दुसरा भाग नव्या क्रमांकाने भरावयाचा, आणि मोबाइलला नेमकी तेथेच रेंज नसते. जुन्या हुंडेकऱ्याने हे सारे आपल्या अंगावर घेतले असते.

चुकीस शिक्षा काय? ई-वे बिल नसताना कर लागणारा माल सापडला, तर मालक पुढे आल्यास कराच्या दुप्पट दंड, असे २०२२ पासून वस्तू व सेवा कर कायद्याचे १२९ वे कलम सांगते. मुद्रा नसलेल्या मालास कौटिल्याने सांगितलेला दंड तोच, हा योगायोग असावा. मात्र कागद आहे आणि त्यात लेखनदोष आहे, अशा मालासही पहिल्या काही महिन्यांत रस्त्यावर अडकविण्यात येऊ लागले. तेव्हा १४ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राने एक परिपत्रक काढले. नावाचे स्पेलिंग चुकले, पिनकोड चुकला, गाडीच्या क्रमांकात एखाददोन अक्षरे किंवा आकडे इकडचे तिकडे झाले, एवढ्यासाठी माल अडवू नये. केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे, असा हजार रुपये दंड घ्यावा आणि गाडी सोडावी. तीन आकडे चुकले तर काय करावयाचे, ते त्यात लिहिलेले नाही. तेथून पुढे टेम्पोचा चालक आणि रस्त्यावरचा अधिकारी यांचे बोलणे सुरू होते.